कर्ता

पाकीट बंद होतं. शिपाई लोटणकर म्हणाला, "सर, सही."
माझ्याकडे नाही, माझ्या पेनाकडे बघत राहिला.
चौदा वर्षं हाच माणूस कॅन्टीनवाल्याला ओरडून सांगायचा,
केणी सरांच्या चहात साखर कमी.

*उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की*
*विद्यार्थी वसतिगृहाच्या अधीक्षकपदावरून*
*आपणांस कार्यमुक्त करण्यात येत आहे.*
*काही पालकांकडून चिंता व्यक्त करण्यात आली आहे.*
*सदर बाब गोपनीय समजण्यात यावी.*

सवयच वाईट, आधी शुद्धलेखन तपासलं.
'अधीक्षक' बरोबर होतं, धी दीर्घ.
खोटं कशाला सांगू, जरा बरं वाटलं.
टायपिंगच्या मुलीला तो शब्द मीच शिकवला होता.

स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर
कुणीतरी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचून ठेवलेत,
ती रिकामी दिसू नये म्हणून.
घाणेकर मॅडम अजून डबा पुढे करतात.
पण आता चमच्याने वाढतात.

अकरा वीसचा तास, तृतीय वर्ष, प्रयोगविचार.
खिडकीबाहेर मेट्रोच्या खांबाला दोरावर लटकून
एकजण लग्नाच्या शालूची जाहिरात चिकटवत होता,
नवरीचा अर्धाच चेहरा झाला होता.
मी फळ्यावर लिहिलं: आपणांस कळविण्यात येते.
कर्ता ओळखा.

पोरं शोधू लागली. एकजण म्हणाला, 'आपण'.
एकजण म्हणाला, कॉलेज. कोणी म्हणालं, सर, हे वाक्यच चूक आहे.
मागच्या बाकावरची नाहूरची मृदुला तरे,
जी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते,
ती म्हणाली, "कर्ता आहे सर.
भ्यालाय, म्हणून पुढे येत नाही."

वर्ग हसला. मीही हसलो,
आणि हसता हसता थांबलो, कारण आठवलं
मी काय म्हणत आलोय सतरा वर्षं.
कुठे राहता, सर? भांडुपला राहतो.
दिवाळीत? घरीच असतो.
रविवारी बाजारात जातो, बोंबील आणतो,
रात्री उशिरा जेवतो.

फार दयाळू भाषा आहे ही.
मी राहतो, आम्ही राहतो,
क्रियापदाला काही फरक पडत नाही.
कर्ता गाळला की कुणाला कळत नाही
ओट्यावर एक कप उपडा आहे की दोन.
सोसायटीच्या वहीत 'नाते' या रकान्यात
हरेश्वर माझा चुलतभाऊ आहे.
माझ्या वडिलांना भाऊ नव्हता.

संध्याकाळी खुलासा लिहायला बसलो.
पहिल्या मसुद्यात माझ्याच हातून उतरलं,
'याबाबत खेद व्यक्त करण्यात येतो.'
फाडला.
दुसऱ्यात नियम आणि कलमं फार झाली,
न्यायालयाचे निकाल, तारखांसकट. तोही फाडला.
तिसरा चारच ओळींचा.
मुलांच्या तापात, परीक्षेत, एकदा एकाच्या वडिलांच्या मर्तिकात
मी काय केलं ते लिहिलं. मग एक ओळ:
'हरेश्वर पाटकर आणि मी चुलतभाऊ नाही.'
आणि त्याखाली, भांडुपला राहतो.

तो इस्पितळाच्या रात्रपाळीला निघाला होता.
दिवसभर झोपूनही डोळ्यांत लोकांच्या रक्ताचे आकडे.
एका पायात मोजा, एक हातात,
खांद्यावरून वाचलं.
म्हणाला, "नोकरी जाईल."
मी म्हटलं, "जाईल बहुतेक."
कुकरची शिट्टी झाली. गॅस कोणीच बंद केला नाही.
मग म्हणाला, "'भांडुपला'च्या आधी जागा का सोडलीस?"

मी पेन त्याच्याकडे दिलं.

त्याचं अक्षर भयंकर आहे,
डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून बिघडलेलं.
म्ही जवळजवळ ह्मीसारखा दिसतो.
मी दुरुस्त केला नाही.